उमेदवारीकडून प्रकल्पाकडे : ठाणे-कल्याण पट्ट्यातील तंत्रशिक्षणाचा इतिहास

तंत्रशिक्षणाचा इतिहास लिहिताना बहुधा संस्थांचा इतिहास लिहिला जातो. अमुक साली विद्यालय निघाले, अमुक साली त्यास मान्यता मिळाली, अमुक शाखा उघडल्या, हा त्याचा ठरलेला क्रम. ठाणे, कल्याण व डोंबिवली ह्या पट्ट्याचा इतिहास ह्या रीतीने लिहू गेल्यास तो फार आखूड निघेल. कारण अभियांत्रिकीची पदविका वा पदवी देणाऱ्या संस्था येथे मुख्यतः १९८० नंतर उभ्या राहिल्या. परंतु त्यापूर्वी कित्येक दशके ह्याच पट्ट्यात आगगाडीची एंजिने दुरुस्त होत होती, वीज निर्माण होत होती, लोकरीचे कापड, कृत्रिम रेशीम, रसायने आणि यंत्रे तयार होत होती. ही कामे करणारी माणसे कोठे तरी शिकलीच असली पाहिजेत. ती कोठे व कशी शिकली, हे पाहिले म्हणजे आजच्या अभ्यासक्रमातील एका महत्त्वाच्या अंगाचे, अर्थात 'प्रकल्पा'चे, मूळ व त्यातील उणीव ही दोन्ही उलगडू लागतात. प्रकल्प हा अलीकडच्या शिक्षणशास्त्राचा शोध आहे अशी समजूत रूढ आहे. ह्या पट्ट्यापुरते तरी तो जुन्या उमेदवारीचा वारस ठरतो. वारसाला घर मिळाले, पण घरातील जिन्नस मिळाले की नाही, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

१. रूळ आणि वर्ग

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली उतारूंची पहिली गाडी २१ मैलांचे अंतर तोडून ठाण्यास पोचली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत खुला झाला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग व यांत्रिक शाळा सुरू झाली; आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा उगम तो हाच. ह्या दोन घटनांतील अंतर अवघे दोन महिन्यांचे असले, तरी त्यांतून तंत्रशिक्षणाच्या ज्या दोन वाटा निघाल्या त्या पुढे शतकभर एकमेकींना क्वचितच भेटल्या.

पुण्याच्या वर्गाचा हेतू उघड होता. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यास कनिष्ठ अधिकारी हवे होते. रस्ते, पूल, कालवे व इमारती ह्यांवर देखरेख करणारा, मोजमाप घेणारा, नकाशा वाचणारा व हिशेब ठेवणारा मनुष्य तयार करणे हे त्याचे काम. १८६६ मध्ये ही संस्था मुंबई विद्यापीठास जोडली गेली, आणि अभियांत्रिकीचे ज्ञान परीक्षेच्या व प्रमाणपत्राच्या चौकटीत आले. १८८७ मध्ये मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट (१९९७ पासून वीरमाता जिजाबाई तंत्रज्ञान संस्था) स्थापन झाली. तिची गाठ बांधकाम खात्यापेक्षा गिरण्यांशी व यंत्रशाळांशी अधिक होती. तथापि तीही मुंबईत होती, आणि ठाणे-कल्याणच्या मुलास तेथे पोचावयाचे तर इंग्रजी शिक्षणाची पायरी आधी चढावी लागे.

दुसरी वाट रुळांच्या कडेने गेली. कल्याण येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. एक थळघाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे. बोरघाटाचा मार्ग १८६३ मध्ये व थळघाटाचा १८६५ मध्ये पुरा झाल्यावर कल्याण हे जंक्शन झाले. दोन्ही घाटांच्या पायथ्याशी एंजिने, ब्रेक, सांधे आणि इशारे ह्यांची सततची देखभाल अटळ होती. ही देखभाल शिकविणारी शाळा नव्हती. मुलगा 'उमेदवार' म्हणून मिस्त्रीच्या हाताखाली लागे. आधी हत्यारे पुसणे व उचलून देणे, मग कानस चालविणे, मग लहानसहान सुटे भाग उघडणे व बसविणे, आणि पुष्कळ काळानंतर स्वतंत्र काम, अशी ती चढण असे. परळ व माटुंगा येथील रेल्वे-कार्यशाळांतूनही हीच रीत होती.

ह्या रीतीचे गुणगान करण्याचा मोह टाळला पाहिजे. मिस्त्री जे दाखवील तेवढेच उमेदवारास कळे. कारणमीमांसा क्वचितच सांगितली जाई, कित्येकदा ती मिस्त्रीसही ठाऊक नसे. कामावर घेताना नाते, गाव व ओळख ह्यांचा विचार होई. रेल्वेतील वरच्या दर्जाच्या प्रशिक्षणाच्या जागा बहुतांशी युरोपीय व अँग्लो-इंडियन तरुणांकडे जात. जमालपूर येथे अशा प्रशिक्षणाचा विशेष वर्ग १९२७ मध्ये सुरू झाला, तेव्हा कोठे भारतीयांस ते दार नीट उघडले. असे असूनही उमेदवारीत एक गोष्ट अशी होती की जी वर्गात नव्हती : उमेदवाराने बसविलेला भाग खरोखर गाडीत जाई, आणि चुकीचा बसला असेल तर घाटात गाडी अडे. चुकीची शिक्षा गुणपत्रिकेवर होत नसे, ती वस्तूतच प्रकट होई.

ह्या वाटेचे सर्वांत बोलके उदाहरण कल्याणच्या विद्युत् एंजिनांच्या शेडचे आहे. १९२५ मध्ये मुंबईत विजेवरील गाडी सुरू झाली. १९२८-२९ च्या सुमारास कल्याणची शेड उभी राहिली आणि कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्ट एकदिश विजेचा उपयोग होऊ लागला. ठाकुर्लीजवळ चोळे येथे रेल्वेने स्वतःचे वीजगृह बांधले. मालगाड्या ओढण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये व इंग्लंडमध्ये बांधलेली जी लांबट एंजिने आली, त्यांना येथील कामगारांनी 'खेकडा' हे नाव दिले. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी प्रथम धावली ती कल्याण-पुणे ह्याच टप्प्यावर. ह्या नव्या यंत्रणेचे शिक्षण देणारे विद्यालय त्या काळी कल्याण परिसरात नव्हते. वाफेवर वाढलेल्या कारागिरांनी वीज शिकली ती शेडमध्येच. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांकडून, रेखाचित्रांवरून आणि मुख्यतः बिघाडांवरून. परकीय एंजिनाला मराठी नाव देणे हे त्याच्याशी झालेल्या परिचयाचे लक्षण मानले, तर ह्या शेडला तंत्रविद्यालय म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

२. कार्यशाळा शाळेत आणण्याचे प्रयत्न

हाताचे काम शिक्षणक्रमात आणावे कसे, हा प्रश्न केवळ येथलाच नव्हता. इतरत्र त्यास जी उत्तरे मिळाली, त्यांची छाया पुढे ह्या पट्ट्यावरही पडली; म्हणून त्यांचा थोडक्यात निर्देश अवश्य आहे.

मॉस्को येथील इंपीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर देला-व्होस ह्यांनी १८६८ च्या सुमारास प्रत्येक धंद्याचे पृथक्करण करून त्यातील मूळ क्रिया वेगळ्या काढल्या, आणि सोप्याकडून अवघडाकडे जाणारी अभ्यासांची माळ लावली. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती मांडली गेल्यावर मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेचे अध्यक्ष रंकल ह्यांनी ती उचलली. ह्या पद्धतीत विद्यार्थ्याने केलेली वस्तू वापरली जाण्याची गरज नसते. ती मापात बसली की पुरे. दुसरे उत्तर सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर ह्यांनी १९०६ मध्ये दिले : विद्यार्थ्याने काही काळ वर्गात व काही काळ कारखान्यात, असे आळीपाळीने शिकावे. तिसरे उत्तर वर्ध्यास १९३७ च्या शिक्षण-परिषदेत मांडले गेले. त्यानुसार उत्पादक हस्तोद्योग हा शिक्षणाला जोडलेला विषय नसून शिक्षणाचे माध्यमच ठरावयाचा होता.

पुढे उलट दिशेचे एक वळणही आले. अमेरिकेत १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने अभियांत्रिकीच्या पदवीत मूलभूत विज्ञानाचा भाग वाढविण्याचा पुरस्कार केला. त्यामुळे प्रत्यक्ष कामाचा जो भाग मागे पडू लागला, तो सांभाळण्यासाठी तेथे 'अभियांत्रिकी तंत्रज्ञान' ह्या नावाचे स्वतंत्र पदवी-अभ्यासक्रम वाढले. भारतात सरकार समितीच्या १९४६ च्या अहवालातून उच्च तंत्रसंस्थांची कल्पना निघाली आणि १९५८ मध्ये पवई येथे, म्हणजे ठाण्याच्या उंबरठ्यावर, त्यांपैकी एक संस्था आली. मात्र अमेरिकेतील त्या मधल्या पदवीसारखी पायरी येथे बांधली गेली नाही. ते काम पदविकेवर सोपविले गेले.

३. वसाहतींचा काळ : १९५० ते १९८०

स्वातंत्र्योत्तर तीस वर्षांत ह्या पट्ट्याचे रूप पालटले. ठाण्यास १९२५ पासून लोकरीची गिरणी होतीच; तीच पुढे रेमंड ह्या नावाने प्रसिद्ध झाली. १९४९ मध्ये कल्याणजवळील निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले आणि तेथे लहान कारखान्यांचे जाळे विणले गेले. शहाड-मोहोने भागात कृत्रिम रेशमाचे कारखाने निघाले. अंबरनाथच्या शस्त्रास्त्र कारखान्याशेजारी १९५३ मध्ये यंत्र-हत्यारांचे आद्य नमुने तयार करणारा कारखाना आला. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याच्या आरंभीच्या वसाहतींपैकी एक, आणि डोंबिवलीची वसाहत १९६४ ची. ठाणे-बेलापूर रस्त्यावर कळव्यापासून पुढे विद्युत्-यंत्रे, पोलाद व रसायने ह्यांचे कारखाने ओळीने उभे राहिले.

ह्या कारखान्यांना माणसे पुरविण्याची व्यवस्था दुहेरी होती. केंद्र सरकारच्या १९५० च्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री हे शब्द सरकारी कागदोपत्री रुळले ते ह्याच संस्थांमुळे, जरी कारखान्यात आजही फिटर, टर्नर व वेल्डर हेच शब्द चालतात. ह्या संस्थांतील शिक्षणाचा कणा 'जॉब' हा होता. पोलादाचा एक तुकडा घ्यावयाचा, कानशीने त्याच्या बाजू काटकोनात आणावयाच्या, नर व मादी असे दोन भाग कापून ते प्रकाश न दिसेल इतके घट्ट बसवावयाचे, आणि निदेशकाने व्हर्नियर लावून गुण द्यावयाचे. ह्या जॉबचे कूळ देला-व्होसच्या अभ्यासमाळेपर्यंत पोचते. हाताला शिस्त लावण्यात ह्या पद्धतीस तोड नाही. परंतु त्यात प्रश्न, माप व उत्तर ही तिन्ही आधीच ठरलेली असतात.

दुसरा भाग शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ ह्याने पुरविला. ठराविक उद्योगांवर ठराविक प्रमाणात उमेदवार घेण्याचे बंधन आले, उमेदवारास विद्यावेतन मिळू लागले, आणि मिस्त्रीच्या मर्जीवर चालणारी जुनी रीत कायद्याच्या कक्षेत आली. 'उमेदवार' हा जुनाच शब्द कायद्याने मराठीत पुनः प्रतिष्ठित केला, हेही लक्षणीय आहे. १९७३ च्या दुरुस्तीने पदवीधर व पदविकाधारक ह्यांनाही ही उमेदवारी खुली झाली. अशा रीतीने संस्थेत जॉब व कारखान्यात उमेदवारी असा जोड निर्माण झाला, आणि वागळे इस्टेटीत तर प्रशिक्षण संस्था व कारखाने एकाच वसाहतीत नांदू लागले. श्नायडरने जे सिनसिनाटीत योजून केले, ते येथे बरेचसे भूगोलानेच घडवून आणले.

ह्या काळातील उणीव वरच्या पायरीवर होती. पदविका वा पदवी घ्यावयाची तर मुलास लोकलने भायखळा किंवा माटुंगा गाठावे लागे. त्याच्या घराशेजारच्या कारखान्यात जे चाले, त्याचा त्याच्या अभ्यासक्रमाशी संबंध योगायोगानेच येई. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये शालेय शिक्षणात 'कार्यानुभवा'ची शिफारस केली खरी. परंतु महाराष्ट्रातील शाळांत तो विषय पुष्कळदा कागदकाम व शिवणकाम ह्यांपुरताच उरला. ज्यांच्या हातांना काम ठाऊक होते त्यांस शास्त्र मिळाले नाही, आणि ज्यांस शास्त्र मिळाले त्यांच्या हातांना कामाची ओळख झाली नाही. हा दुभंग कारखान्यातील साहेब व कामगार ह्या सामाजिक दुभंगाशी बेमालूम जुळून गेला, म्हणूनच तो फारसा कोणास खुपला नाही.

४. महाविद्यालये आली, कारखाने गेले

१९८३ हे ह्या इतिहासातील निर्णायक वर्ष होय. वसंतदादा पाटील ह्यांच्या सरकारने विनाअनुदान खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांस अनुमती दिली. त्याच वर्षी ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने खाडीकाठच्या आपल्या परिसरात तंत्रनिकेतन सुरू केले. १९३५ पासून शाळा व महाविद्यालये चालविणाऱ्या ह्या मंडळाने औद्योगिक इलेक्ट्रॉनिक्स, उपकरणन व रासायनिक अभियांत्रिकी अशा शाखा चालविल्या. भोवतालच्या कारखान्यांशी त्यांचे नाते कोणासही दिसावे. नेरूळ येथे रामराव आदिक तंत्रशास्त्र संस्था १९८३ मध्ये व ऐरोली येथे दत्ता मेघे अभियांत्रिकी महाविद्यालय १९८८ मध्ये निघाले. पुढे डोंबिवलीतही महाविद्यालय झाले, आणि घोडबंदर रस्त्यावर कासारवडवली येथे २०१४ मध्ये ए. पी. शाह तंत्रशास्त्र संस्था आली.

योगायोग असा की त्याच १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग ह्यांनी विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे शाळा सोडलेली मुले शेड बांधून, पंप दुरुस्त करून, जमीन मोजून तंत्र शिकत, आणि गावकऱ्यांस त्या कामाचा मोबदला द्यावा लागे. एका बाजूस प्रवेशसंख्या वाढविणारा निर्णय, दुसऱ्या बाजूस शिक्षणाची रीतच बदलणारा प्रयोग; पहिल्याचा विस्तार राज्यभर झाला, दुसरा दीर्घकाळ अपवाद म्हणूनच वाखाणला गेला.

ठाणे-कल्याण पट्ट्यात महाविद्यालये वाढत असतानाच कारखाने ओसरू लागले. चोळ्याचे वीजगृह १९८० नंतरच्या दशकात बंद पडले. २००९ ह्या एकाच वर्षी ठाण्यातील रेमंडचा कापड-कारखाना व मोहोने येथील नॅशनल रेयॉनचा कारखाना बंद झाला. वागळे इस्टेटीत अनेक यंत्रशाळांच्या जागी संगणकसेवेच्या इमारती आल्या. कल्याण-मुंबई मार्गावरील एकदिश वीज जाऊन २०१५ पर्यंत २५,००० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज आली, आणि शेडमधील जुन्या हातांचे ज्ञान एका पिढीत कालबाह्य झाले. ज्या काळी कारखाने होते त्या काळी महाविद्यालये नव्हती. महाविद्यालये आली तेव्हा कारखान्यांचे दरवाजे एकेक करून मिटत होते. ह्या पट्ट्याच्या तंत्रशिक्षणाची मुख्य अडचण ह्या एका कालविसंगतीत साठलेली आहे.

अभ्यासक्रमांची पुढील पुनर्रचना ह्या पार्श्वभूमीवर वाचावी लागते. २०१४ मध्ये भारत वॉशिंग्टन कराराचा पूर्ण सदस्य झाल्यावर शिकविले किती ह्यापेक्षा विद्यार्थ्यास येते काय, ह्या कसोटीस महत्त्व आले. महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या २०१७ च्या 'आय' योजनेत प्रत्येक विषयास सूक्ष्म-प्रकल्प, चौथ्या सत्रानंतर सहा आठवड्यांचे औद्योगिक प्रशिक्षण आणि अखेरच्या वर्षी नियोजन व अंमलबजावणी अशा दोन टप्प्यांचा मोठा प्रकल्प ठेवला गेला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमाने पदवीचे एकूण श्रेयांक १६० पर्यंत खाली आणून प्रकल्पास अवकाश करून दिला. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या 'सी' योजनेत तिसऱ्या सत्रापासून सहाव्या सत्रापर्यंत दर सत्रास लघुप्रकल्प आला. जे शिक्षण पूर्वी कारखान्याच्या दाराआड आपोआप मिळे, ते आता वेळापत्रकात बसवावे लागत आहे, असा ह्या सर्वांचा अर्थ.

५. प्रकल्पाची कसोटी

येथवरच्या विवेचनावरून तीन रीती स्पष्ट वेगळ्या करता येतात. जॉबमध्ये प्रश्न व उत्तर दोन्ही ठरलेली असतात आणि चूक निदेशक दाखवितो. उमेदवारीत प्रश्न यंत्र विचारते, आणि चूकही यंत्रच दाखविते. प्रकल्पात प्रश्न विद्यार्थ्याने शोधावयाचा असतो. ह्या अर्थी तो दोहोंहून वरच्या प्रतीचा आहे. परंतु प्रकल्पात चूक दाखवितो कोण? बहुतेक ठिकाणी ह्याचे उत्तर एकच : परीक्षक, तेही एका दुपारी, अहवाल चाळून. म्हणूनच बाजारात तयार प्रकल्प विकत मिळतात, आणि बांधीव अहवालाची जाडी हीच कित्येकदा कामाची खूण ठरते. विकत घेतलेली उमेदवारी ही कल्पनाच संभवत नाही. विकत घेतलेला प्रकल्प मात्र संभवतो. दोन रीतींतील अंतर ह्याहून नेमके सांगता येणार नाही.

ह्यावरून कारखाने परत येईतो प्रकल्प निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. उमेदवारीचे सत्त्व कारखान्याच्या भिंतींत नव्हते. ते तीन गोष्टींत होते : कामाची गरज असलेला दुसरा कोणी तरी मनुष्य, काम बरोबर झाले की नाही हे वापरातून ठरविणारी कसोटी, आणि बिघाड झाल्यावर परत येऊन तो काढण्याची जबाबदारी. ह्या तिन्ही गोष्टी कारखान्याबाहेरही आढळतात. २०१६ मध्ये राज्य शासनाने उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू करून अभियांत्रिकी महाविद्यालयांस जिल्ह्यातील पाणी, वाहतूक, ऊर्जा अशा प्रश्नांच्या अभ्यासास जोडण्याचा मार्ग मोकळा केला; पवईच्या तंत्रसंस्थेतील ग्रामीण तंत्रविषयक केंद्राच्या अनुभवावर ते उभे होते. त्यामागील दृष्टी हीच की नळपाणी योजना हेही एक यंत्र आहे, आणि त्यात पाणी येते की नाही हे परीक्षकापेक्षा गावातील बाई अधिक अचूक सांगू शकते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात अशा प्रश्नांची वाण नाही. गर्दीच्या वेळचे फलाट, उल्हास नदीचे प्रदूषण, खाडीकाठची भरती व पावसाचे पाणी, जुन्या इमारतींचे आयुष्य, हे सारे विद्यार्थ्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. त्यांत एक प्रश्न तर प्राणांचा आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक क्षेत्रात २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी झालेल्या स्फोटांत अनेक कामगार मृत्युमुखी पडले, आणि आसपासच्या वस्तीतील घरांची तावदाने फुटली. रसायनशाळेत दाब, तापमान व साठवण ह्यांचे नियम लिहून उत्तीर्ण होणारे विद्यार्थी आणि त्याच नियमांवर ज्यांचा जीव टांगलेला आहे असे कामगार एकाच शहरात राहतात. दाबमापकाची अचूकता तपासणे, धोक्याची सूचना देणारे साधे उपकरण बसविणे व वर्षभर चालते ठेवणे, आपत्तीच्या वेळी वस्ती कोणत्या वाटेने बाहेर निघेल ह्याचा नकाशा करणे, ही कामे पदविकेच्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरची नाहीत. त्यांस उद्योगांची संमती व नगरपालिकेचे साहाय्य हवे, आणि मुख्यतः अभ्यासक्रमात काळाची तरतूद हवी. एका सत्रात उरकणाऱ्या प्रकल्पात उपकरण बसविता येते. ते चालते ठेवण्याची जबाबदारी मात्र सत्र संपताच संपते, आणि उमेदवारीचे तिसरे सत्त्व तेथेच गळते. एका तुकडीने हाती घेतलेले काम दुसऱ्या तुकडीने तपासावे, दुरुस्त करावे व पुढे न्यावे, अशी योजना केल्यास ही गळती थांबू शकेल. त्यासाठी नव्या इमारतीची अथवा मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. नोंदवही मात्र जपून ठेवावी लागेल.

कल्याणच्या शेडमध्ये वाफेच्या कारागिरांनी वीज आत्मसात केली, ती दुसऱ्या दिवशी गाडी घाट चढली पाहिजे ह्या जाणिवेपोटी. पदवी, पदविका व प्रशिक्षण ह्या तिन्ही पायऱ्या आज ह्या पट्ट्यात आहेत, आणि एकमेकींपासून लोकलच्या दोन-चार स्थानकांच्या अंतरावर आहेत. १८५४ मध्ये वेगळ्या झालेल्या दोन वाटा एकत्र आणण्यास इतकी अनुकूल स्थिती पूर्वी कधी नव्हती. प्रकल्पाला खरा ग्राहक, खरी कसोटी आणि पुढील तुकडीपर्यंत टिकणारी जबाबदारी लाभली, तरच तो उमेदवारीचा वारस शोभेल. एरव्ही तो आणखी एक लेखी परीक्षा होऊन राहील.